टोमॅटोची पाने ओरबाडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत घरच्या बागेतल्या टोमॅटोवर नुकताच लेख आला. रोपे, माती, आधार याविषयीचा भाग चांगला होता. पण शेवटी दिलेल्या दोन सूचना तशाच सोडून देण्यासारख्या नाहीत. पहिली, फळांना ऊन लागावे म्हणून घोसाभोवतीची पाने काढून टाका. दुसरी, फळ झाडावरच लालबुंद होऊ द्या, मगच तोडा. हे दोन नियम सगळ्या जातींना सरसकट लावले तर हाती येतील ती चट्टे पडलेली, तडकलेली आणि पाखरांनी टोचलेली फळे. शिवाय ज्या जाती कधी लाल होतच नाहीत, त्यांची फळे लालीची वाट पाहता पाहता देठावरच सडतील.

टोमॅटो पिकायला उजेड लागत नाही. पूर्ण वाढ झालेले फळ कपाटाच्या बंद खणात ठेवले तरी लाल होते, कारण पिकण्याची किल्ली फळातच तयार होणाऱ्या इथिलीन वायूकडे असते. बाहेरून हवी असते ती ठरावीक ऊब. लाल रंग देणारे लायकोपीन २० ते २४ अंश सेल्सिअसला सर्वांत चांगले तयार होते. तापमान ३० अंशांच्या वर जाऊन तिथेच टिकले की हे काम मंदावत जवळपास थांबते. पिवळा-नारिंगी रंग देणारे कॅरोटिन मात्र तेवढ्या उष्म्यातही तयार होत राहते. ऐन उन्हाळ्यात लाल जातीची फळे नारिंगीवरच अडकतात आणि माणूस बियाण्याला दोष देतो, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

आता पाने काढल्यावर काय होते ते पाहा. थेट उन्हात उघडे पडलेले फळ भोवतालच्या हवेपेक्षा सहज आठ-दहा अंशांनी जास्त तापते. म्हणजे हवा ३२ अंशांवर असेल तेव्हा फळाचा उन्हाकडचा गाल चाळिशी ओलांडतो. त्या गालावर आधी फिकट, पिवळसर पांढरा चट्टा दिसतो. चार-सहा दिवसांत तिथली साल कागदासारखी पातळ होऊन आत बसते आणि मग तिच्यावर काळी बुरशी धरते. लोक हा रोग समजून फवारणी करतात. हा रोग नव्हे, फळ उन्हाने भाजले आहे. त्यातून पाने गेली की फळाची शिदोरीही गेली, कारण फळातली साखर मुख्यत्वे घोसाजवळच्या पानांतूनच येते.

ही सूचना बहुधा काचगृहातल्या शेतीतून आली असावी. तिथे पाने काढतात हे खरे, पण कुठली? पिकू लागलेल्या सर्वांत खालच्या घोसाच्या खालची. ती म्हातारी झालेली असतात, त्यांची कमाई संपत आलेली असते आणि ती काढल्याने बुंध्याशी हवा खेळते. घरच्या बागेतही तेवढेच करावे. मातीला टेकणारी, पिवळी पडलेली, करप्याचे तपकिरी ठिपके आलेली पाने कोरड्या दिवशी काढून टाकावीत, एका वेळी दोन-तीन. घोसाच्या वरच्या पानांना हात लावू नये.

पिकायला लागणाऱ्या वेळेबद्दलही बराच गैरसमज आहे. बियाण्याच्या पाकिटावर ‘६५ दिवस’ असे लिहिलेले असते ते रोप जागेवर लावल्यापासून मोजायचे असतात, बी टाकल्यापासून नव्हे. चार-सहा आठवडे तर रोप तयार होण्यातच जातात. फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. चेरी टोमॅटो त्याच्याही आधी येतात, पाव-अर्धा किलोची मोठी फळे त्याहून उशिरा. या काळातला मोठा हिस्सा फळ नुसते हिरवेगार राहून वाढत असते. ‘कधीचे लटकले आहे, पिकतच नाही’ अशी तक्रार असते तेव्हा ते फळ बहुधा भरतच असते, आणि त्या अवस्थेत कुठलीच युक्ती चालत नाही.

फळ भरले की नाही हे ओळखायला एक फळ बळी द्यावे. धारदार सुरीने आडवे कापावे. बिया सुरीखाली कापल्या गेल्या आणि कप्प्यांतला गर घट्ट असला तर फळ कोवळे आहे. असे फळ तोडून ठेवले तर सुरकुतेल, पिकणार नाही. कप्प्यांत बुळबुळीत रस जमला असेल आणि बिया सुरीच्या पात्यावरून घसरून न कापता बाजूला होत असतील तर फळ पूर्ण भरले आहे. वरून ते तेव्हाही हिरवेच असते, फक्त त्या हिरव्यात थोडी पांढुरकी झाक येते आणि सालीवर तुकतुकी चढते. पिकणे आतून बाहेर येते: आधी बियांभोवतीचा रस रंग धरतो, मग गर, शेवटी साल. सालीवर पहिला रंग दिसतो तो देठाच्या विरुद्ध टोकाला, बुडाशी. फिकट चांदणीसारखा डाग उमटतो आणि एक-दोन दिवसांत त्यात पिवळसर गुलाबी छटा येते. हा टोमॅटोचा पाड. रंग फळाच्या दहाव्या भागाहून कमी असतो, पण इथून पुढे फळाला पिकण्यासाठी झाडाची गरज उरत नाही.

म्हणूनच ‘लालबुंद होईपर्यंत थांबा’ हा नियम जात, हवा आणि फळाचा आकार पाहून लावायचा असतो. चेरी टोमॅटो पूर्ण रंगावर येऊ द्यावेत. ते लहान असतात, भराभर पिकतात, आणि लवकर तोडले तर गोडी कमीच राहते. रोमासारखी जाड गराची लांबट फळेही झाडावर लाल होऊन काही दिवस बरी टिकतात. मोठ्या, पातळ सालीच्या, रसाळ फळांना मात्र थांबवून ठेवण्यात तोटाच आहे. ती पाव ते अर्धा रंग आल्यावर तोडून घरात पिकवली तर चवीत फारसा फरक पडत नाही, आणि तडकणे, अळी, पक्षी, ऊन या चारही संकटांतून सुटतात. हवा सलग ३२ अंशांच्या वर असेल तर सगळ्याच लाल जाती पाडाला आल्या की घरात घ्याव्यात. सावलीतल्या खोलीत त्या जास्त लाल होतात.

रंगाच्या बाबतीत जातींचा गोंधळ सर्वांत मोठा, म्हणून तिथे थोडे थांबतो. लाल आणि गुलाबी टोमॅटोंचा गर सारखाच लाल असतो. फरक सालीत असतो. पिकलेल्या फळाची साल सोलून उजेडाकडे धरा. लाल फळाची साल पिवळी दिसेल, गुलाबी फळाची पाण्यासारखी रंगहीन. त्यामुळे ब्रँडीवाइनसारखी गुलाबी जात कधीच शेंदरी-लाल होणार नाही, ती किरमिजी गुलाबीवरच थांबेल. या जातीचे खांदे, म्हणजे देठाभोवतीचा भाग, हिरवट राहतात आणि बूड मऊ होऊन जाते. खांद्याची वाट पाहिली तर बूड पाणचट होते. बुडाकडून तीन चतुर्थांश रंग आला की तोडावे, आणि खांदा कडक राहिलाच तर तेवढा कापून टाकावा.

चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम यांना ‘काळे’ म्हणतात. यांच्यात पिकतानाही हरितद्रव्य पुरते नष्ट होत नाही. लाल गरावर हिरवा मिसळून तपकिरी-जांभळी छटा तयार होते. खांद्यावर शेवाळी हिरवा पट्टा राहणे हा त्यांचा स्वभावच आहे. फळ तळहातावर घेऊन अंगठ्याने हलके दाबावे. किंचित लवले की तयार. या जातींत दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो, आत पीठ झाल्यासारखा गर होतो.

ग्रीन झेब्रा पिकल्यावरही हिरवाच. त्याच्या गडद पट्ट्यांकडे पाहू नये, मधल्या फिकट पट्ट्यांकडे पाहावे. ते पांढुरके हिरवे असतात तोवर फळ आंबटढाण; त्यांना पिवळी, मधासारखी झाक आली आणि बूड बोटाला मऊ लागले की तोडावे. हिरव्या जाती लावणाऱ्याने रोपाला नावाची पट्टी बांधायला विसरू नये, नाहीतर घरातलेच कोणीतरी ‘अजून कच्चे आहेत’ म्हणून महिनाभर वाट पाहते.

इंडिगो रोझसारख्या जांभळ्या जाती याच्या नेमक्या उलट फसवतात. त्या बोराएवढ्या असतानाच उन्हाकडची बाजू काळीजांभळी होते आणि नवखा माणूस पिकले म्हणून तोडतो. हा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. त्याचा पिकण्याशी संबंध नाही आणि तो प्रकाशावरच तयार होतो. पाकळीसारख्या हिरव्या निदलांखाली झाकलेल्या जागी त्याचा मागमूसही नसतो. फळ उलटे करून बूड पाहावे. तिथला हिरवा जाऊन लाल आला आणि वरची काळी चमक मंदावली की फळ तयार. उन्हाने फळाला रंग येतो हे म्हणणे खरे ठरते ते या एका गटापुरते, पण तिथेही पाने ओरबाडायची गरज नाही. पाने जराशी बाजूला सारली तरी पुरते.

पिवळ्या-नारिंगी जाती उष्ण हवेत लावण्याची आमची शिफारस आहे. त्यांना लायकोपीनवर अवलंबून राहावे लागत नाही, त्यामुळे लाल जातींचा रंग जिथे अडतो तिथेही या व्यवस्थित रंगतात. सनगोल्ड ही संकरित चेरी जात फिकट पिवळ्यावर तोडली तर बरी लागते, गडद जर्दाळू रंगावर तोडली तर फारच गोड लागते. पण तिची साल इतकी पातळ की जोराच्या पावसाची चाहूल लागली तर रंगावर आलेली सगळी फळे आधीच उतरवावीत.

आणखी एक मुद्दा खांद्याचाच. जुन्या जातींच्या कच्च्या फळांचे खांदे गडद हिरवे असतात. बहुतेक आधुनिक व्यापारी जातींचे फळ वरपासून खालपर्यंत एकसारखे फिकट हिरवे असते आणि एकसारखे लाल होते. दिसायला हे छान आणि तोडणीलाही सोपे. पण ज्या जनुकातल्या बदलामुळे हे घडते ते २०१२ मध्ये नेमके ओळखले गेले, तेव्हा कळले की त्याच बदलामुळे फळातली हरितलवके, म्हणजे हरितद्रव्य साठवून उजेडापासून साखर बनवणारे पेशींतले कण, कमी होतात आणि फळ स्वतः बनवते ती थोडीशी साखरही घटते. तेव्हा घरच्या झाडावर गडद खांद्याची फळे दिसली तर नाक मुरडू नये. ‘जास्त टिकाऊ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही संकरित जातींत पिकणे मंदावणारे जनुक असते. त्या हळूहळू लाल होतात, आठवडेच्या आठवडे टणक राहतात आणि सुगंधात कमी पडतात. ट्रकमधून दूर जायचे नसेल तर ही जात घरी कशाला लावायची?

लागवडीतल्या ज्या चुकांमुळे पिकणे बिघडते, तेवढ्याच सांगतो. पहिली चूक वाढीची सवय न ओळखण्याची. रोमासारख्या मर्यादित वाढीच्या जाती तीन-चार फुटांवर, शेंड्याला फुले येऊन थांबतात आणि बहुतेक फळे तीन-चार आठवड्यांत देतात. त्यांच्या बगलेतले फुटवे खुडले तर येणारे घोसच खुडले जातात. चेरोकी पर्पल, ब्रँडीवाइन, सनगोल्ड, सॅन मार्झानो या अमर्यादित वाढीच्या. त्या हवामान साथ देईल तोवर वाढत राहतात. रोमा आणि सॅन मार्झानो फळावरून सख्खी भावंडे वाटतात, पण एकीला कमरेएवढी काठी पुरते आणि दुसरीला डोक्याच्या वर आधार लागतो. अमर्यादित जातीचे एक किंवा दोनच खोड राखावे आणि बगलफुटवे बोटाएवढे असतानाच सकाळी खुडावेत. जंगल माजू दिले तर फळे भरपूर लागतात, पण आकार आणि पिकणे दोन्ही रेंगाळते.

कुंडीचा आकार यावरूनच ठरतो. मर्यादित वाढीच्या जातीला १५ ते २० लिटर, अमर्यादितला किमान २५ आणि जमले तर ४० लिटर माती. वीतभर उंचीच्या मायक्रो टॉमला दोन-तीन लिटरही चालते. रोप लावताना खालची पाने काढून अर्धेअधिक खोड मातीत गाडावे, गाडलेल्या खोडाला मुळ्या फुटतात. दिवसाकाठी सहा ते आठ तास ऊन हवे, आणि हे ऊन पानांसाठी हवे आहे.

दुसरी चूक पाण्याची. फळाचे बूड काळे पडून चामड्यासारखे खोलगट होते ते कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्यामुळे. मातीत कॅल्शियम बहुधा असतेच. ते पाण्याच्या ओढीबरोबर वर चढते, आणि ही ओढ पानांची जोरदार, फळाची अगदी क्षीण. दोन दिवस कुंडी कोरडी पडली की कोवळ्या फळाच्या बुडाचा वाटा बुडतो. फळ धरल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हे घडून जाते, डाग दिसतो नंतर. सॅन मार्झानो, रोमा अशा लांबट जातींना हे हमखास होते, चेरीला सहसा नाही. अंड्याची टरफले पुरून त्या हंगामात काही उपयोग होत नाही, ती कुजायला फार वेळ घेतात. पानांवर मारलेले कॅल्शियमही फळाकडे वळत नाही. उपाय साधा: मातीवर वाळक्या पाल्यापाचोळ्याचे दोन इंच आच्छादन आणि ठरल्या वेळी पाणी. बोट पहिल्या दोन पेरांपर्यंत मातीत घालावे, कोरडे लागले तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत द्यावे. कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळाले की पिकणारे फळ आतून फुगते, साल तेवढी ताणत नाही आणि देठापासून चीर पडते. रंग येऊ लागला की पाणी थोडे कमी करावे, पण बंद करू नये.

तिसरी चूक खताची. पहिले घोस धरल्यावरही नत्र (नायट्रोजन) देत राहिले तर झाड हिरवेकंच होते आणि फळे मागे पडतात. या वेळी पालाश (पोटॅशियम) हवे. त्याच्या कमतरतेत, विशेषतः उष्म्यात, खांद्यावर पिवळे-पांढरे कडक चट्टे राहतात आणि बाकीचे फळ लाल होऊन जाते. कापल्यावर आतही पांढरट कडक धागे दिसतात. सल्फेट ऑफ पोटॅश लिटरभर पाण्यात २ ग्रॅम विरघळवून, ओल्या मातीत, दर १०-१२ दिवसांनी मोठ्या कुंडीला लिटर-दीड लिटर पुरेसे आहे. उत्साहाने दुप्पट देऊ नये, पालाश जास्त झाले की कॅल्शियमची वाट अडते आणि पुन्हा बूड काळे.

आता घरातल्या अढीविषयी. फळे पुसून कोरडी करावीत, धुऊ नयेत. देठ खुडून, खांदे खाली करून, एकमेकांना न चिकटवता कागदावर एकाच थरात मांडावीत आणि वरून कागद झाकावा. १८ ते २१ अंशांना पाडाला आलेले फळ पाच-सात दिवसांत तयार होते, पूर्ण भरलेले हिरवे फळ दोन आठवडे घेते. १३ ते १५ अंशांच्या थंड खोलीत हाच काळ जवळपास दुप्पट होतो, म्हणजे एकाच तोडणीची फळे दोन खोल्यांत विभागून पुढे-मागे पिकवता येतात. घाई असेल तर कागदी पिशवीत एक पिकलेले केळे सोबत ठेवावे. त्यातले इथिलीन फळांना चालना देते. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत पाणी सुटून बुरशी येते. दिवसाआड फळे उलटून पाहावीत आणि नरमलेले, डागाळलेले फळ लगेच बाजूला करावे. खिडकीतल्या उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा, वरचे सगळे उन्हाचे पुराण तिथेही लागू आहे. आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड घरात आणूच नये. त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू इथिलीनची नक्कल करतो, पण सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही येतात, आणि भरले नसलेले फळ त्यानेही नुसते रंगते.

फ्रिज पिकलेल्या फळासाठी एक-दोन दिवस चालतो, पिकणाऱ्या फळासाठी मुळीच नाही. १० अंशांच्या खाली राहिलेले कच्चे फळ पुढे नीट रंगत नाही, डागाळते आणि लवकर सडते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात पिकलेली फळे ५ अंशांना आठवडाभर ठेवली, तेव्हा सुगंध तयार करणाऱ्या जनुकांचे काम मंदावले आणि फळे पुन्हा उबेत आणल्यावरही गेलेला सुगंध पुरता परतला नाही.

हंगाम संपत आला, रात्री १० अंशांच्या खाली जाऊ लागल्या की झाडावर आशा ठेवू नये. त्याच्या महिना-सव्वा महिना आधी अमर्यादित जातींचा शेंडा खुडावा आणि नवी फुले काढून टाकावीत. त्या फुलांची फळे भरायला दिवसच उरलेले नसतात, आणि ती काढली की झाडाची ताकद आधी लागलेल्या फळांकडे वळते. शेवटी पूर्ण भरलेली हिरवी फळे अढीत घालावीत, मटकीएवढी ते लिंबाएवढी कोवळी फळे खतात टाकावीत.

कळावे,
आपले,
टोमॅटो लावणारे काही वाचक